मागील पगाराची बाकी पुढे ओढू नये

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त न्यासाने योजिलेल्या युवक-पालक मेळाव्यातील व्याख्यान)



दिवाळीच्या वहीपूजनाचा विधी या सभागृहातील बहुतेक घरांना परिचित आहे. हिशेबाचे वर्ष कायद्याने एप्रिलपासून सुरू होत असले आणि वहीची जागा संगणकाने घेतली असली, तरी नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढण्याची प्रथा अजून सुटलेली नाही. नवी वही उघडली की जुन्या वहीतील बाक्या पुढे ओढल्या जातात. कोणाकडून किती येणे, कोणाचे किती देणे, हातात रोकड किती आणि गाठोड्यात माल किती, एवढे पुढे येते. दुकानाचे भाडे, विजेचा आकार आणि नोकरांचा पगार मात्र पुढे येत नाही. तो खर्च त्या वर्षीच्या नफा-तोटा पत्रकात जातो आणि त्याचे खाते तेथेच बंद होते. थकलेला पगार असेल तर तो देणे म्हणून पुढे येईल. पण पगार खात्याला स्वतःची पुढे जाणारी बाकी नसते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास हा नियम प्रारंभीच शिकविला जातो. पगार खाते हे नामधारी खाते होय, आणि नामधारी खाते वर्षअखेर बंद होते.

असे असता, माणूस एक नोकरी सोडून दुसरीकडे जाऊ लागला की त्याच्या जुन्या पगाराची बाकी नव्या वहीत ओढली जाते. ती ओढण्याचा अधिकार कोणाला कोणी दिला, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रश्न कसा विचारला जातो

नोकरीसाठी कोठे नाव नोंदविले की दोन-चार दिवसांत दूरध्वनी येतो. बोलणारी व्यक्ती पुष्कळदा कंपनीतील नसते. उमेदवार शोधून देणाऱ्या सल्लागार संस्थेतील असते. शिक्षण आणि अनुभव याविषयी दोन वाक्ये होतात न होतात तोच तीन प्रश्न एका दमात येतात. करंट सीटीसी किती, एक्स्पेक्टेड किती, नोटीस पिरियड किती? सीटीसी म्हणजे कॉस्ट टू कंपनी, अर्थात एका कर्मचाऱ्यापायी कंपनीस वर्षभरात येणारा एकूण खर्च. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की दुसऱ्याला फारसा अर्थ उरत नाही. जुन्या आकड्यावर वीस किंवा तीस टक्के चढवायचे आणि उमेदवाराची किंमत झाली म्हणून समजायचे. पुढे शेवटच्या तीन महिन्यांची पगारपत्रके, बँकेचा उतारा, कधी करकपातीचा दाखलाही मागितला जातो.

हा प्रश्न इतका सरावाचा झाला आहे की त्यात काही विपरीत आहे असे विचारणाऱ्यास वाटत नाही आणि उत्तर देणाऱ्यासही वाटत नाही. त्याचे परिणाम मात्र घराघरांत दिसतात.

दोन घरांतील अनुभव

एका कापड व्यापाऱ्याचा धाकटा मुलगा बी.कॉम. होऊन वडिलांच्या पेढीवर बसला. भिवंडी, इचलकरंजी आणि सुरत येथील खरेदी, उधारीची वसुली, १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर विवरणपत्रे भरण्याचे काम, हे सारे त्याने आठ वर्षे सांभाळले. घरच्या पेढीत मुलाला पगारपत्रक कोण देतो? लागतील तेवढे पैसे गल्ल्यातून घ्यावेत, हीच रीत. २०२० सालच्या टाळेबंदीनंतर धंदा आक्रसला. दोन भावांचे संसार एका दुकानावर चालेनात. तेव्हा धाकट्याने तयार कपड्यांच्या एका कंपनीत खरेदी विभागातील जागेसाठी अर्ज केला. सुताचा काउंट हाताने ओळखणारा उमेदवार समोर पाहून मुलाखत घेणारे प्रसन्न झाले. शेवटी प्रश्न आला, ‘लास्ट ड्रॉन सॅलरी किती?’ तो खरे बोलला, ‘पगार नव्हता, घरचे दुकान होते.’ समोरच्या गृहस्थांनी त्या रकान्यात शून्य लिहिले. नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलास देतात तेवढे वेतन त्यास देऊ केले गेले. घरी गरज होती. त्याने ते स्वीकारले. दोन वर्षांनी नोकरी बदलताना तोच आकडा पुन्हा त्याच्यापुढे उभा राहिला. आठ वर्षांचा अनुभव कोणत्याच वहीत जमा झाला नाही.

दुसरे उदाहरण एका सुनेचे. ती एम.कॉम. आहे. २०१३ साली तिने लेखा विभागातील नोकरी सोडली तेव्हा तिला दरमहा १८,००० रुपये मिळत होते. दोन मुले मोठी होईपर्यंत ती घरी राहिली. पण रिकामी राहिली नाही. नव्या कराचे काम तिने शिकून घेतले, टॅलीचा सराव ठेवला, ओळखीच्या दोन दुकानांची विवरणपत्रे भरून दिली. २०२२ साली ती पुन्हा नोकरीसाठी निघाली. ज्या कामासाठी तिला बोलाविले होते त्याचे वेतन त्या गावात ३५,००० रुपयांच्या आसपास होते. जुना पगार कळताच तिला सांगण्यात आले, ‘वीस टक्के वाढ देऊ.’ म्हणजे २१,६०० रुपये. तिने शांतपणे विचारले, ‘नऊ वर्षांपूर्वीच्या भावाने आज कापड मिळेल का?’ त्यावर उत्तर मिळाले नाही. नोकरीही मिळाली नाही. घरी सासऱ्यांनी प्रथम तिलाच दोष दिला. आयती आलेली जागा बोलून घालविली, असे त्यांचे म्हणणे पडले. पुढे चार महिन्यांनी दुसऱ्या एका पेढीने, जिने जागेचे वेतन आधीच ठरविले होते, तिला ३२,००० रुपयांवर घेतले. तेव्हा सासऱ्यांनी आपल्या दुकानातील पगाराची वही काढून पाहिली. त्यांनी स्वतः नोकर ठेवताना प्रत्येकास काय विचारले होते, हे त्यांना आठवले.

आकड्यांचा हिशेब

वेतनाविषयी बोलताना प्रथम आकडा समजून घेतला पाहिजे. वर्षाला ६,००,००० रुपयांचा सीटीसी घेऊ. मूळ वेतन निम्मे, म्हणजे ३,००,००० रुपये. संपूर्ण मूळ वेतनावर भविष्यनिर्वाह निधीतील कंपनीचा वाटा १२ टक्के, म्हणजे ३६,००० रुपये. उपदानाची तरतूद मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, म्हणजे १४,४३० रुपये. हा ४.८१ चा आकडा वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन, सव्वीस दिवसांचा महिना धरून, या हिशेबातून निघतो. कामगिरीवर अवलंबून असणारी रक्कम १० टक्के धरल्यास ६०,००० रुपये. ती मिळेलच असे नाही. हे तीन आकडे वजा जाता ४,८९,५७० रुपये उरतात. त्यातून भविष्यनिर्वाह निधीतील कर्मचाऱ्याचा स्वतःचा वाटा ३६,००० आणि महाराष्ट्रातील व्यवसायकर २,५०० रुपये वजा करावा. राहिले ४,५१,०७० रुपये. महिन्याला सुमारे ३७,५८९ रुपये. सहा लाखांस बाराने भागून पन्नास हजार मिळतील असे समजणारा युवक पहिल्याच महिन्यात चकित होतो.

दुसऱ्या कंपनीची रचना वेगळी असू शकते. तेथे विम्याचा हप्ता, जेवण, बसभाडे हेही सीटीसीत धरलेले असू शकते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेनुसार, वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास वरची रक्कम वेतनातच धरावयाची आहे. त्यामुळे त्यापूर्वीची आणि त्यानंतरची पगारपत्रके एका मापाने मोजताच येत नाहीत. तात्पर्य, ‘जुना पगार किती’ या प्रश्नाचे उत्तर एक आकडा नसून निदान तीन आकडे आहेत : सीटीसी, निश्चित वेतन आणि हातात पडणारी रक्कम. विचारणारा त्यातील एक घेतो आणि आपल्या सोयीने वापरतो.

आता बाकी पुढे ओढण्याचा परिणाम पाहू. एकाच पात्रतेचे दोघे आहेत. एक मंदीच्या वर्षी लागला, त्यास वर्षाला ३,००,००० रुपये मिळाले. दुसरा तेजीत लागला, त्यास ३,६०,००० रुपये मिळाले. फरक ६०,००० रुपयांचा. दोघांनी तीन वेळा नोकरी बदलली आणि दोघांसही प्रत्येक वेळी जुन्या पगारावर ३० टक्के वाढ मिळाली. पहिल्याचे वेतन ६,५९,१०० रुपये झाले, दुसऱ्याचे ७,९०,९२० रुपये. फरक आता १,३१,८२० रुपयांचा आहे. कामात फरक नाही, कौशल्यात नाही, वाढीच्या दरातही नाही. केवळ पहिल्या पानावरील बाकी चक्रवाढीने वाढत गेली. पहिले पान कोणत्या वर्षी उघडले, घरची ऐपत काय होती, उमेदवार खेड्यातून आला की शहरातून, मुलगा होता की मुलगी, यावर ती बाकी ठरली होती. २०२० साली अनेक कंपन्यांनी वेतनकपात केली. ज्यांनी त्या कपातीच्या काळात नोकरी बदलली त्यांच्यामागे ती कपातही चालत आली.

विचारणारा का विचारतो

येथे दुसरी बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. कंपनीची जागेसाठीची तरतूद ठरलेली असते. उमेदवाराची अपेक्षा त्या तरतुदीच्या फार पुढे असेल तर दोघांचाही वेळ वाया जातो. कमी पगारावर आलेला माणूस वर्षभरात सोडून जाईल, अशीही धास्ती असते. अनुभव खरा आहे की नाही हे पाहण्यासाठी पगारपत्रक उपयोगी पडते. या सर्व शंका रास्त आहेत. परंतु त्यांतील एकाचेही समाधान जुन्या पगारानेच होते असे नाही. तरतूद ठरलेली असेल तर ती आधी सांगावी. उमेदवार स्वतःच हो की नाही ते सांगेल. अनुभवाची खातरजमा अनुभवपत्राने आणि पूर्वीच्या वरिष्ठांशी बोलून होते.

सल्लागाराची भूमिकाही समजून घ्यावी. त्याची दलाली कंपनी देते आणि ती बहुधा उमेदवाराच्या वार्षिक वेतनाच्या ठरावीक टक्क्यांवर असते. पुष्कळ ठिकाणी ती ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या वेतनाइतकी असते. उमेदवाराचे वेतन वाढले तर त्याचीही दलाली वाढते हे खरे. पण त्याचे गिऱ्हाईक कंपनी आहे आणि जागा लवकर भरण्यातच त्याचा लाभ आहे. कापड बाजारातील आडत्यास ओळखणाऱ्या समाजास हे अधिक सांगावे लागू नये. त्याच्याशी सौजन्याने वागावे. पण तो आपला वकील आहे असे मानू नये.

कायदा काय सांगतो

अमेरिकेत या प्रश्नावर कायदे झाले आहेत. मॅसॅच्युसेट्स राज्याने १ ऑगस्ट २०१६ रोजी केलेला कायदा १ जुलै २०१८ पासून अमलात आला. मोबदल्यासह नोकरी देऊ करण्यापूर्वी उमेदवारास पूर्वीचे वेतन विचारण्यास त्याने मनाई केली. न्यूयॉर्क शहरात अशी मनाई ३१ ऑक्टोबर २०१७ पासून आणि कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१८ पासून लागू झाली. कोलोरॅडो राज्याने १ जानेवारी २०२१ पासून नोकरीच्या जाहिरातीतच वेतनाची मर्यादा छापण्याचे बंधन घातले. युरोपीय संघाने २०२३ साली वेतन-पारदर्शकतेचा निर्देश संमत केला. उमेदवारास वेतनाचा पूर्वेतिहास विचारू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे, आणि सदस्य राष्ट्रांना आपापले कायदे त्यानुसार करण्यासाठी ७ जून २०२६ ही मुदत दिली गेली.

या कायद्यांची गरज का पडली, हे कॅलिफोर्नियातील एका खटल्यावरून कळते. फ्रेस्नो परगण्याच्या शिक्षण कार्यालयाने २००९ साली गणित विषयाच्या एका सल्लागार शिक्षिकेची नेमणूक केली. पूर्वीच्या वेतनात ५ टक्के मिळवून येणाऱ्या आकड्यावरून वेतनश्रेणीतील पायरी ठरवावी, असा तेथील नियम होता. तीस सर्वांत खालची पायरी मिळाली. २०१२ साली सहकाऱ्यांशी बोलताना तिला समजले की त्याच कामावर नव्याने आलेल्या पुरुषास वरच्या पायरीवर घेतले आहे. प्रकरण न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०२० मध्ये तेथील नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने निर्णय दिला की पूर्वीचे वेतन, एकटे असो वा अन्य कारणांच्या जोडीने असो, स्त्री-पुरुषांच्या वेतनातील फरकाचे समर्थन ठरू शकत नाही. नियम लिहिणाऱ्यांच्या मनात दुजाभाव नसेलही. पण जुन्या ठिकाणचा दुजाभाव नियमाच्या वाटेने नव्या ठिकाणी आला.

भारतीय राज्यघटनेच्या ३९व्या अनुच्छेदात स्त्री व पुरुष यांना समान कामाबद्दल समान वेतन हे राज्याच्या धोरणाचे तत्त्व म्हणून नमूद आहे. १९७६ साली समान मोबदल्याचा कायदा झाला आणि आता त्याची जागा वेतन संहितेने घेतली आहे. तथापि उमेदवारास पूर्वीचे वेतन विचारू नये, असा कायदा भारतात नाही. त्याचप्रमाणे, विचारल्यास उत्तर दिलेच पाहिजे असाही कायदा नाही. या दोहोंच्या मध्ये जी मोकळी जागा आहे तेथेच उमेदवाराच्या विवेकाचे काम आहे.

कोणी म्हणेल, सरकारी नोकरीत तर बदली होताना अंतिम वेतन प्रमाणपत्र बरोबर जातेच. खरे आहे, पण तेथे मालक एकच असतो आणि वेतनश्रेणी जाहिरातीतच छापलेली असते. एकाच पेढीच्या वहीत बाकी पुढे ओढणे योग्य. दुसऱ्याच्या पेढीची बाकी आपल्या वहीत ओढणे हा हिशेब नव्हे.

उमेदवाराने काय करावे

प्रथम स्वतःचा आकडा ठरवावा. ज्या कामासाठी अर्ज करावयाचा त्या कामाचे वेतन त्या शहरात काय आहे, हे त्या क्षेत्रातील तीन-चार व्यक्तींस विचारावे, जाहिराती पाहाव्यात. दोन आकडे कागदावर लिहावेत : ज्याखाली जाता येणार नाही तो, आणि जो रास्त वाटतो तो. हे काम दूरध्वनी येण्यापूर्वीच झालेले असावे. ऐन वेळी विचार करणाऱ्याच्या तोंडून जुनाच आकडा बाहेर पडतो.

प्रश्न आल्यावर प्रथम नम्रपणे प्रतिप्रश्न करावा. ‘या जागेसाठी कंपनीने किती तरतूद केली आहे, हे कळल्यास पुढे बोलणे सोपे होईल.’ पुष्कळदा एवढ्यानेच समोरचा आकडा सांगतो. न सांगितल्यास अपेक्षा सांगावी. ‘कामाचे स्वरूप आणि जबाबदारी पाहता वर्षाला इतके निश्चित वेतन अपेक्षित आहे.’ पुन्हा विचारल्यास, ‘पूर्वीचे काम आणि हे काम वेगळे आहे, म्हणून जुना आकडा सांगणे योग्य वाटत नाही,’ असे म्हणावे. जुन्या कंपनीच्या नेमणूकपत्रात वेतन गुप्त ठेवण्याचे कलम असेल, तर तेही सांगावे. ते नसेल तर मात्र ते कारण सांगू नये. आवाज चढवू नये आणि अपराध्यासारखेही बोलू नये. गिऱ्हाइकाने ‘हे कापड तुम्हाला कितीला पडले?’ असे विचारल्यावर दुकानदार जसा हसून विषय कापडाकडे वळवितो, तसे हे आहे.

येथे एक मर्यादा कटाक्षाने पाळली पाहिजे. न सांगणे वेगळे आणि खोटे सांगणे वेगळे. जुना पगार फुगवून सांगावा, जमल्यास पगारपत्रकावरचे आकडे बदलावेत, असा सल्ला आज सर्रास दिला जातो. तो धर्मदृष्ट्या आणि व्यवहारदृष्ट्याही घातक आहे. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया सांगितली आहे; खोटे पगारपत्रक ही त्याचीच आजची आवृत्ती होय. व्यवहारात पाहू जाता, बँकेचा उतारा, भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक आणि कापलेल्या कराची नोंद हे तिन्ही एकमेकांशी ताडून पाहता येतात. पडताळणी करणाऱ्या स्वतंत्र संस्था आहेत. खोटेपणा उघड झाल्यास देऊ केलेली नोकरी परत घेतली जाते. रुजू झाल्यानंतर उघड झाल्यास नोकरी जाते आणि नावही जाते. चार पैशांसाठी नाव गमावणे हे कोणत्याच व्यापाऱ्याच्या घरात शिकविलेले नाही.

छापील वा संगणकावरील अर्जात हा रकाना असेल आणि तो रिकामा सोडता येत असेल, तर सोडावा किंवा ‘प्रत्यक्ष चर्चेत’ असे लिहावे. सोडता येत नसेल तर मनाने आकडा घालू नये. खरा आकडा लिहावा आणि तो सीटीसी की निश्चित वेतन, हे शेजारी स्पष्ट करावे. पगारपत्रकावर पॅन, बँक खात्याचा आणि भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक असतो. अनोळखी सल्लागाराने पहिल्याच दिवशी मागितले म्हणून ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नये. नोकरी देण्याच्या नावाखाली फसवणूक करणारेही याच मार्गाने येतात. लेखी प्रस्ताव आल्यावर, कंपनीच्याच अधिकृत पत्त्यावर आणि अनावश्यक क्रमांक झाकून, ते द्यावे.

एवढे करूनही समोरचा अडून बसला तर? तेव्हा घरची परिस्थिती पाहून निर्णय करावा. हातात दुसरी जागा असेल तर नमस्कार करून बाहेर पडावे. नसेल तर खरा आकडा सांगण्यात कमीपणा नाही. मात्र तो एकटा सांगू नये, त्याचे कारण सांगावे. ‘तो पगार २०२० सालच्या कपातीनंतरचा आहे’, ‘ते नऊ वर्षांपूर्वीचे वेतन आहे’, ‘घरची पेढी असल्याने वेतन घेतले नाही, पण वर्षाची खरेदी इतक्या रकमेची होती आणि वसुली इतक्या खात्यांची होती’. आणि लगेच अपेक्षेचा आकडा स्वतंत्रपणे ठेवावा. ‘जुन्यावर इतके टक्के’ अशी भाषा उमेदवाराने स्वतः कधीही वापरू नये. ती वापरली की बाकी पुढे ओढण्यास त्याने आपणहून संमती दिली असे होते. शेवटी जे ठरेल ते तपशिलासह लेखी घ्यावे आणि मगच जुन्या ठिकाणी राजीनामा द्यावा.

घरच्या पेढीवर काम करणाऱ्या मुला-मुलींच्या बाबतीत वडीलधाऱ्यांचेही एक कर्तव्य आहे. पेढीवर बसणाऱ्या प्रत्येकास, मग तो मुलगा असो, मुलगी असो की सून, रीतसर वेतन ठरवून द्यावे आणि ते बँकेतून द्यावे. कराच्या दृष्टीने ते कसे बसवावे हे सनदी लेखापाल सांगतील. शून्याचा रकाना पुसण्याचा तो सर्वांत सोपा उपाय आहे.

मालकाने काय करावे

उमेदवारास हे सर्व सांगून मालकास मोकळे सोडता येणार नाही. या समाजातील अनेक जण स्वतःच माणसे नेमतात. विक्रेता, हिशेबनीस, गोदामावरचा माणूस नेमताना ‘आधीच्या दुकानात किती मिळत होते?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक गादीवरून विचारला जातो. दुकानाच्या दर्शनी भागी ‘एकच भाव’ अशी पाटी असते. श्रीमंत गिऱ्हाइकास एक दर आणि गरिबास दुसरा दर, हे तेथे अप्रतिष्ठेचे मानले जाते. मग त्याच दुकानात, एकाच फळीवर कापड दाखविणाऱ्या दोन विक्रेत्यांचे पगार, त्यांच्या आधीच्या मालकांनी त्यांना काय दिले यावरून का ठरावेत? अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान म्हणून एक आहे. देण्याघेण्याची मापे वेगळी ठेवणे असा त्याचा अर्थ. त्याचे स्मरण वजनकाट्यापुरतेच ठेवून भागत नाही.

उपाय अवघड नाही. माणूस समोर येण्यापूर्वी जागेचे वेतन ठरवावे आणि ते लिहून ठेवावे. अनुभवाप्रमाणे किती अधिक द्यायचे याच्याही दोन-तीन पायऱ्या लिहाव्यात. आलेल्यास काम सांगावे, वेतन सांगावे, त्याची परीक्षा घ्यावी. जुना पगार विचारू नये. त्याने आपणहून सांगितला तरी लिहिलेला आकडा खाली आणू नये. कमी पगारावरून आलेला माणूस स्वस्तात मिळाला, असे वाटणे हा भ्रम आहे. शेजारच्यास किती मिळते हे त्यास एक ना एक दिवस कळतेच, आणि त्या दिवसापासून त्याचे मन कामात राहत नाही. ज्या सुनेचे उदाहरण वर दिले तिच्या सासऱ्यांनी त्या वर्षी आपल्या दुकानातील पाच माणसांचे पगार कामाप्रमाणे नव्याने लावले. दोघांची वाढ बरीच मोठी झाली, कोणाचाही पगार घटविला नाही. खर्च वाढला, हे त्यांनी लपविले नाही. तो तोटा नसून जुने देणे होते, असे ते म्हणाले.

समारोप

न्यासाने पन्नास वर्षांत शिष्यवृत्त्या दिल्या, वसतिगृहाला हातभार लावला, समाजातील मुले शिकली. शिक्षणाचे मोल ज्या ठिकाणी पदरात पडायचे, त्या मुलाखतीच्या खोलीत ती संकोचून जुना आकडा सांगतात आणि पुढील अनेक वर्षे त्याचे व्याज भरतात. त्यांना तेथे बोलण्याचे बळ घरातून मिळाले पाहिजे. मुलगा वा सून एखादी जागा रास्त कारणाने सोडून आली, तर दारातच जाब विचारू नये. आणि स्वतः गादीवर बसलेल्याने दुसऱ्याच्या मुलास तो प्रश्न विचारू नये.

येत्या वहीपूजनाच्या दिवशी स्वस्तिक काढून झाल्यावर पगाराचे पान उघडावे. प्रत्येक नावापुढील आकडा त्याच्या कामावरून लिहिला आहे की मागच्या कोणाच्या वहीतून ओढला आहे, हे एकदा पाहावे. ओढलेला आढळल्यास तो त्याच दिवशी दुरुस्त करावा.

जय जिनेंद्र.